खताच्या ढिगाला जाणता हात हवा
चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील नागरिकांस जाहीर आवाहन

दोन्ही जिल्ह्यांतील नागरिक बंधुभगिनी, नगरपालिकांचे सन्माननीय सदस्य आणि ग्रामसभांची मंडळी यांस सविनय निवेदन असे की, ओल्या कचऱ्याचे खत करण्यासाठी शेड उभारणे, यंत्र खरेदी करणे आणि कोनशिला बसविणे ही कामे रक्कम मंजूर झाली की यथासांग पार पडतात. परंतु त्या शेडमध्ये रोज राबणारा कामगार आणि त्याच्या कामाची तपासणी करणारा निरीक्षक हे दोघेही या विद्येत तयार झालेले नसतील, तर त्या साऱ्या खर्चातून दुर्गंधी, माश्या आणि अर्धवट कुजलेला चिखल यांवाचून काही निष्पन्न होत नाही.

ही विद्या आपणांस परकी नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजविण्याची जी जाळीदार टाक्याची रीत बसविली, ती ‘नाडेप’ या नावाने देशभर रूढ झाली. मात्र घरच्या टाक्यात चुकले तर एका शेताचे नुकसान होते, नगराच्या केंद्रावर चुकले तर शेकडो शेतांचे. म्हणून येथे अनुभवाला शिस्तबद्ध शिक्षणाची जोड अपरिहार्य आहे.

ढिगाच्या पोटातील उष्णता 55 अंशांच्या वर काही दिवस टिकली नाही, तर रोगजंतू आणि तणाचे बी जिवंत राहते, हे कामगाराने तापमापक खुपसून रोज पाहावे लागते. मूठभर माल आवळला असता बोटांच्या फटींतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये, ही ओलाव्याची परीक्षा त्याच्या हाताला ठाऊक असावी लागते. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या आणि पावसाळ्यात आभाळ फाटणाऱ्या आपल्या मुलखात तोच ढीग एकदा वाळून निपचित पडतो, तर एकदा भिजून नासतो. तेव्हा पाणी केव्हा शिंपावे, धानाची तणस किती मिसळावी, ढीग केव्हा उलथावा आणि झिरपणारे काळे पाणी ओढ्यात न जाता कुठे साठवावे, हे पुण्या-मुंबईच्या पुस्तिकेवरून नव्हे, इथल्याच ऋतुमानावरून शिकविले पाहिजे. शिवाय उघड्यावर टाकलेले उष्टे-खरकटे कुत्र्यांना व डुकरांना आणि त्यांच्यामागून बिबट्याला वस्तीच्या वेशीपर्यंत आणते, ही गोष्ट वनप्रदेशाबाहेरच्या प्रशिक्षकास कदाचित सुचणारही नाही.

निरीक्षकाचे काम हजेरीपटावर सही करून संपत नाही. 1985 च्या खत नियंत्रण आदेशाने शहरी कचऱ्याच्या खतात शिसे किलोमागे 100 मिलिग्रॅम आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅम यांहून अधिक नसावे अशी मर्यादा घातली आहे. ओल्या कचऱ्यात मिसळलेले जुने सेल व रंगाचे डबे ही मर्यादा मोडू शकतात. म्हणून नमुना ढिगाच्या एकाच कडेचा न घेता अनेक ठिकाणांहून कसा घ्यावा, प्रयोगशाळेचा अहवाल कसा वाचावा आणि दोष आढळताच विक्री कशी थांबवावी, हे त्यास शिकविलेच पाहिजे.

यास्तव आमची विनंती अशी की, नगरपालिकांनी आगामी अंदाजपत्रकात कामगारांच्या व निरीक्षकांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र तरतूद करावी, आणि प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी कापू नये. सिंदेवाहीचे कृषी संशोधन केंद्र, दोन्ही जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे आणि गोंडवाना विद्यापीठ यांनी एकत्र येऊन मराठीत, आणि जेथे आवश्यक तेथे गोंडीत, वर्ग चालवावेत. मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळवून बांबूचा व्यवहार स्वतः सांभाळून दाखविला आहे. इतर ग्रामसभांनीही आपल्यातील दोन तरुण-तरुणी या शिक्षणासाठी निवडण्यास संकोच करू नये. गृहिणींनी व खानावळवाल्यांनी ओला कचरा वेगळा द्यावा, आणि खत घेणाऱ्या शेतकऱ्यांनी गोणीवरचे चित्र न पाहता तपासणीचा दाखला मागावा. मागणारा असला म्हणजे दप्तर ठेवणाराही ते नीट ठेवतो.

आपला नम्र,
धानपट्ट्यातील एक नागरिक