पाणी डोकी मोजून ठरतं, मग आपली डोकी मोजली जाणार का?

मुंब्रा, कौसा, भिवंडी. इथे पाण्याचा विषय निघाला की आपण नगरसेवकाला बोल लावतो, टँकरवाल्याला शिव्या घालतो आणि बोअरची मोटार सुरू करून गप्प बसतो. पाणी कमी का पडतं याचा हिशेब मात्र आपण क्वचितच मांडतो. आज तो मांडू या.

2001 मध्ये अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 81 लाख होती. 2011 मध्ये ती 1 कोटी 10 लाखांवर गेली, म्हणजे दहा वर्षांत 29 लाख माणसं वाढली. त्यानंतर मोजणीच झालेली नाही, कारण 2021 ची जनगणना लांबली. मुंब्र्यात 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून आलेली कुटुंबं वाढली, त्यांची मुलं-नातवंडं इथेच राहिली. भिवंडीत यंत्रमागावर कामाला उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसं येत राहिली. सरकारी कागदावर मात्र आपण अजून 2011 मध्येच आहोत.

कागद आणि नळ

शहराची पाणीयोजना साधारण तीस वर्षांचा अंदाज धरून आखली जाते. शहरासाठी माणशी रोज 135 लिटर हे माप प्रचलित आहे. 2011 च्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या 7 लाख 9 हजार होती. 135 ने गुणलं तर गरज येते रोज सुमारे 96 दशलक्ष लिटर. समजा, आज शहरात 10 लाख माणसं आहेत, तर तीच गरज 135 दशलक्ष लिटर होते. मधला 39 दशलक्ष लिटरचा फरक म्हणजेच आपल्या दारातली हंड्यांची रांग. जलवाहिन्यांची गळती आणि चोरी यात धरलेलीच नाही.

भिवंडी शहर पाण्यासाठी मुख्यतः स्टेम प्राधिकरणावर आणि मुंबई महापालिकेवर अवलंबून आहे. मुंब्रा, कळवा, दिवा भागाला एमआयडीसीचं पाणी येतं. स्टेम आणि एमआयडीसी दोघंही उल्हास नदीतूनच पाणी उचलतात, आणि त्याच नदीवर कल्याण, अंबरनाथ, मीरा-भाईंदरचीही तहान भागते. दुरुस्तीसाठी शुक्रवारी शटडाऊन असला की जुम्याच्या दिवशी मशिदीच्या वुजूखान्यात काय होतं, हे सांगायला नको.

नवं धरण बांधलं की झालं?

इतकं सोपं नाही. वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी सूर्या प्रादेशिक योजना आखली गेली, तिची क्षमता रोज 403 दशलक्ष लिटर. वसई-विरारला तिचं पाणी 2023 मध्ये मिळू लागलं. मुरबाडच्या काळू धरणाचं काम मात्र वनखात्याची परवानगी न घेतल्यामुळे 2012 मध्ये उच्च न्यायालयाने थांबवलं. त्या धरणात आदिवासींची गावं आणि जंगल जाणार होतं. भातसा, तानसा, वैतरणाचं पाणी मुंबईला जातं, आणि ज्या शहापूर तालुक्यात ही धरणं आहेत तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. आपला नळ भरावा म्हणून दुसऱ्याचं घर बुडावं, हा इन्साफ नाही. म्हणून आहे त्या पाण्याची गळती थांबवणं आणि वाटप खऱ्या लोकसंख्येप्रमाणे करणं, ही पहिली मागणी असायला हवी.

मोजले जाऊ या

आता जनगणना 2027 येते आहे. तिच्या घरयादीच्या टप्प्यात पिण्याच्या पाण्याचा स्रोतही विचारला जातो. एनआरसीच्या चर्चेपासून आपल्या मोहल्ल्यांमध्ये एक धास्ती आहे, ती आम्ही समजू शकतो. पण जनगणना कायदा, 1948 नुसार दिलेली वैयक्तिक माहिती गोपनीय असते आणि ती कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. दार बंद ठेवलं तर नुकसान आपलंच. मागावर काम करणारा भाडेकरू, एका खोलीत राहणारे चार भाऊ, सगळ्यांची नोंद व्हायला हवी.

इमारत अनधिकृत आहे म्हणून गप्प बसणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं. डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि बेकायदा झोपडीत राहणाऱ्यालाही तो पूर्णपणे नाकारता येत नाही.

मदिन्यात पाणी विकत घ्यावं लागत होतं, तेव्हा हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर खरेदी करून सर्वांसाठी वक्फ केली. आज आपल्याला विहीर खरेदी करायची नाही. प्रत्येक मोहल्ला कमिटीने आपल्या इमारतींची, कुटुंबांची आणि फुटलेल्या पाइपांची यादी करावी, आणि ती घेऊन पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात जावं. टँकरच्या एका फेरीला जेवढे पैसे जातात, त्यापेक्षा हे काम कितीतरी स्वस्त आहे.