अकरांच्या खेळातील बारावा

२०२४-२५ च्या रणजी हंगामात विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका हंगामातील बळींचा विक्रम मोडला आणि त्याच हंगामात पावणेपाचशेच्या आसपास धावाही केल्या. विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला तो अशा दुहेरी कष्टांच्या बळावर. अशा अष्टपैलू खेळाडूच्या मुळावर घाव घालणारा ‘इम्पॅक्ट प्लेयर’ नियम आयपीएलमध्ये २०२३ पासून लागू आहे आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला २०२७ पर्यंत मुदत देऊन टाकण्यात आली.

नियम वरकरणी साधा आहे. नाणेफेकीनंतर अकरा जणांसोबत पाच बदली खेळाडूंची नावे द्यायची आणि त्यांतील एकाला सामना चालू असताना मैदानात आणायचे. बाहेर गेलेला परत येत नाही. म्हणजे आपल्या डावात निव्वळ फलंदाज खेळवायचा आणि डाव संपताच त्याला बसवून निव्वळ गोलंदाज उतरवायचा. मग दोन्ही कामे करणारा हवा कशाला? तत्कालीन भारतीय कर्णधार रोहित शर्मा यानेच २०२४ मध्ये याविषयी नापसंती व्यक्त केली होती. शिवम दुबे, वॉशिंग्टन सुंदर यांच्या हाती चेंडूच येत नाही, ही त्याची तक्रार होती. त्याच वर्षी हैदराबादने आधी २७७ आणि नंतर २८७ धावा कुटल्या. त्याला खेळपट्ट्याही कारण होत्या, हे मान्य. परंतु पाठीशी एक जादा फलंदाज बसला आहे हे ठाऊक असल्यावर बळी जाण्याचे भय उरते कोठे?

वऱ्हाडाने याची चिंता करावी, कारण अथर्व तायडे आणि आदित्य ठाकरे अकोल्याचे, तर जितेश शर्मा अमरावतीचा. लहान गावातील मैदानावर जेमतेम दोन संघ जमतात. तेथे एकाच पोराला नवा चेंडू टाकावा लागतो आणि पाचव्या क्रमांकावर फलंदाजीही करावी लागते. ही गैरसोय नव्हे, ती शाळा आहे. आयपीएलला असा खेळाडू नको, असे एकदा मुलांच्या मनावर बिंबले, की प्रशिक्षक आणि पालक दोघेही त्याच्या हातातील चेंडू काढून घेतील.

अमरावतीला तर हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी. १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. कबड्डीत जो चढाईला जातो, तोच परतून पकडीसाठी उभा राहतो. अर्धाच खेळाडू तेथे कोणाला चालत नाही.

प्रत्येक सामन्यात दोन जादा भारतीय खेळाडूंना संधी मिळते, असा समर्थकांचा दावा आहे. २७ मे २०२५ रोजी जितेशने लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा फटकावून बंगळुरूला जिंकून दिले, तेव्हा नेतृत्वही त्याच्याकडेच होते. कारण दुखापतीतून सावरणारा कर्णधार रजत पाटीदार या नियमामुळे केवळ फलंदाजीपुरता उतरला होता. वऱ्हाडाची मान उंचावली हे खरेच. पण पाटीदार पूर्ण विश्रांती घेता, तरी जितेशने हेच केले नसते काय? संधी खेळाडूच्या गुणांतून यावी, नियमाच्या उपकारातून नव्हे.

खरी गंमत पुढेच आहे. २०२२ मध्ये ज्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत हा प्रयोग प्रथम झाला, तेथून मंडळाने २०२४ मध्ये तो मागे घेतला. देशांतर्गत क्रिकेटला जे नको, ते आयपीएलला कसे चालते? उत्तर उघड आहे. तेथे प्रेक्षक षटकारांसाठी येतो आणि जाहिरातदार प्रेक्षकांसाठी.

आंतरराष्ट्रीय परिषदेने २००५ मध्ये एकदिवसीय सामन्यांत ‘सुपरसब’ आणला आणि वर्ष उलटण्याच्या आत गुंडाळला. भारतीय मंडळाला २०२७ ची वाट पाहण्याचे कारण नाही. तीन वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या विदर्भ क्रिकेट संघटनेने हा विषय मंडळाच्या सभेत मांडावा. अकोला आणि अमरावतीच्या क्लबांनी त्यासाठी तिच्याकडे आग्रह धरावा.