स्वस्तातला खटका

जुना फिल्मचा कॅमेरा घ्यायचा तर स्वस्तातला घ्यावा, असं मी म्हटलं की आमच्या ओळखीत दोन तट पडतात आणि दोन्ही माझ्याच अंगावर येतात.

पहिला तट मोबाईलवाल्यांचा. "काका, खिशात कॅमेरा असताना हा धोंडा गळ्यात कशाला?" यांच्या मोबाईलमध्ये एकाच वडापावाचे सतरा फोटो असतात आणि आजीचा एक धड नसतो. असला तर सापडत नाही. आमच्याकडे बडोद्यात बनलेल्या आग्फा क्लिक-थ्रीनं काढलेले फोटो आहेत. रोलमध्ये बारा. त्यामुळे कॅमेरा निघाला की आजी पदर सारखा करून आणि आजोबा टोपी घालून उभे! दोघांचे मिळून वीसेक फोटो असतील, पण घरातल्या शेंबड्या पोरालाही ते पाठ आहेत. या तटाशी मी फार वाद घालत नाही. चार्जिंग संपलं की ते आपोआप गप्प होतात.

माझं खरं भांडण दुसऱ्या तटाशी, म्हणजे दर्दी मंडळींशी. यांना पेंटॅक्स के-१००० हवा. दुसरा दाखवला तर अपमान होतो. कॅमेरा उत्तमच आहे हो! १९७६ ते १९९७ पर्यंत बनत होता. शिकाऊ पोरांना मास्तर हाच घ्यायला सांगत, कारण साधा आणि स्वस्त. सेल लागतो तो फक्त प्रकाशमापकाला. सेल मेला तरी खटका पडतो. पण 'स्वस्त' म्हणून गाजला आणि गाजला म्हणून महागला! त्याच घराण्यातला केएम घ्या. त्यातून सेल्फ-टायमर वगैरे वजा करून के-१००० केलेला. तरी बाजारात पुष्कळदा वजाबाकीचाच भाव जास्त. भाजी न वाढलेल्या थाळीला जादा पैसे मोजणारं गिऱ्हाईक मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

रशियन झेनिट-ई म्हटलं की तर ही मंडळी नाकच मुरडतात. जड आहे, कबूल. त्याचा खटका सेकंदाच्या तिसाव्या भागापासून पुढे, त्याहून संथ नाही, हेही कबूल. पण प्रकाशमापक सेलेनियमचा, चालू असला तर जन्मभर सेल मागत नाही. आणि पुढे बसवलेलं हेलिओसचं भिंग? शेवटी फोटो भिंग काढतं, कपाळावरची पाटी नव्हे.

आता "एकदम मिंट, साहेब!" असं विकणारा म्हणाला की पाठ उघडायला सांगावी. एक सेकंदाचा खटका असेल तर दाबून कानानं मोजावा; दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा मध्येच अडकला तर नमस्कार करून निघावं. आरशाजवळचा स्पंज बोटाला काळा चिकटला तर उलट आनंद मानावा, कारण तो बदलता येतो आणि घासाघीस करायला बरा पडतो. भिंग मात्र उजेडासमोर धरावं. आपल्या पावसाळ्यानं आत कोळिष्टकासारखी बुरशी धरलेली असली, तर फुकटही घेऊ नये.

वाचलेल्या पैशाचे रोल घ्यावेत. रोल, तो धुणं, प्रिंट, खरी महागाई इथे आहे आणि दर्दी माणूस इथे पोचेपर्यंत त्याचा खिसा रिकामा झालेला असतो. आमच्या एका दर्दी मित्रानं दोन वर्षांपूर्वी के-१००० घेतला. अजून पहिलाच रोल चालू आहे, अठ्ठावीस फोटो शिल्लक. "त्यात आईचे किती रे?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "घाई काय? चांगला प्रकाश मिळू दे."

त्याची आई ब्याऐंशी वर्षांची आहे.