इंच वाढले, सिनेमा तेवढाच

घरातली यंत्रं । पक्कड

आमच्या घरात टीव्ही एकच, आणि संध्याकाळी ७ ते १० तो आईचा. त्याबद्दल तक्रार नाही. मालिकांमधल्या सुनांचं बरंवाईट कुणीतरी पाहायलाच हवं. म्हणून गेली ७ वर्षं आम्ही नवराबायको सिनेमा पाहतो ते १७.३ इंची लॅपटॉपवर. स्वयंपाक चालू असला की तो ओट्यावर, जेवणं उरकली की पलंगावर. वीज गेली तरी सिनेमा थांबत नाही. गेल्या महिन्यात त्याची डावी बिजागरी कडकन बोलली आणि पडदा एका बाजूने लोंबू लागला.

दुरुस्तीवाल्या पोराने तो उघडून दाखवला. बिजागरी पोलादी होती आणि शाबूत होती. ती ज्या चिमुकल्या पितळी नटांना आवळलेली, ते नट मात्र प्लॅस्टिकच्या खुंट्यांत बसवलेले. त्या खुंट्याच मुळासकट उपटून आल्या होत्या. झाकण उघडताना बिजागरीचा सगळा पीळ त्यांच्यावर येतो. “मोठ्या स्क्रीनला हे होतंच, काका,” तो म्हणाला. पडदा मोठा की तरफही लांब, हे शाळेत शिकलो होतो. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी तो धडा बहुधा ऑप्शनला टाकला असावा.

नवा घ्यावा म्हणून दुकानं पालथी घातली. जो तो १६ इंची पुढे करतो. “१५.६पेक्षा मोठाच की, सर!” मी खिशातून टेप काढली. (बायको दोन पावलं मागे सरकून प्रिंटर बघू लागली.) १५.६ इंची पडद्याची रुंदी साडेचौतीस सेंटिमीटर. नव्या १६ इंचीची? साडेचौतीस सेंटिमीटर.

यात फसवणूक नाही, भूमिती आहे. पडद्याचे इंच तिरके मोजतात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पूर्वीचा पडदा १६:९ प्रमाणातला, हल्लीचे बरेचसे १६:१०. वाढली ती फक्त उंची, सुमारे दोन सेंटिमीटर. एक्सेलमध्ये चार ओळी जास्त दिसतात, ऑफिसवाल्यांची सोय होते. सिनेमा मात्र आडवा पसरणारा प्राणी. रुंद पडद्यासाठी काढलेला, २.३९:१ प्रमाणातला सिनेमा या १६ इंचीवर लावा: वरखाली काळ्या पट्ट्या येतात आणि जवळपास एक तृतीयांश काच अंधारात जाते. पैसे पूर्ण काचेचे मोजायचे.

१७.३ इंचीची रुंदी खरोखर वाढते, ३८ सेंटिमीटरच्या पुढे जाते. पण तो पडदा मला दुकानांत दिसला तो बहुतेक गेमिंगच्या लॅपटॉपलाच. म्हणजे मला नको असलेलं ग्राफिक्स कार्ड, विटेएवढा चार्जर, कीबोर्डखाली लग्नाची रोषणाई आणि गुपचूप प्रेमप्रसंगात घरघरणारा पंखा. हे सगळं पत्करूनही पडदा चांगला मिळेल याची खात्री नाही. स्वस्तातल्या मॉडेलच्या माहितीपत्रकात कोपऱ्यात ‘४५ टक्के एनटीएससी’ (पडदा किती रंग दाखवू शकतो, त्याचं माप) अशी ओळ दिसली तर तिथूनच मागे फिरा. ठीकठाक पडदा याच मापाने ७२च्या आसपास असतो. ४५वाल्यावर नायिकेचं कुंकू विटकरी दिसतं.

खास बघण्यासाठीचे लॅपटॉप कधी नव्हतेच असंही नाही. एचपीने २००७मध्ये ‘ड्रॅगन’ नावाचा २०.१ इंची लॅपटॉप काढला होता, सोबत रिमोट. वजन ७ किलोच्या आसपास. त्याला ‘मांडीवरचा’ म्हणणं धाडसाचं होतं, पण तो कशासाठी आहे हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं. पुढे असे मोठे पडदे मागे पडत गेले; ॲपलनेही २०१२मध्ये १७ इंची मॅकबुक प्रो बंद केला. आता मोठा पडदा हवा तर एकतर गेम खेळा, नाहीतर एक्सेल भरा. नुसतं बघणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणून कुणी धरतच नाही.

“मग दुसरा टीव्ही घ्या ना!” हा सल्ला चार जणांनी दिला. भिंतीवरचा टीव्ही कांदा चिरताना ओट्यावर येत नाही, हे त्यांना कसं सांगावं?

शेवटी त्याच पोराने जुन्यालाच एपॉक्सी भरून आरपार स्क्रू मारले. आता झाकणावर चार चकचकीत डोकी दिसतात, आणि ते दोन्ही हातांनी, मधोमध धरूनच उघडायचं असा घरात हुकूम आहे. दहाला मालिका संपली की आई आमच्या खोलीत डोकावते, त्या स्क्रूंकडे बघते आणि रिमोट पुढे करते, “घ्या, आता मोठ्यावर बघा.” तोवर आमचा अर्धा सिनेमा झालेला असतो.