लाल शाईनं गोष्ट सुधारत नाही

सहावी ते आठवीच्या मुलांच्या निबंधाच्या वह्या उघडून पाहा. वेलांट्यांभोवती लाल गोल, खाली ‘छान’ किंवा ‘अक्षर सुधार’, तारीख, सही. चुकलेले शब्द पाच-पाच वेळा लिहून काढले की मूल मोकळं आणि शिक्षकही मोकळे. याला आपण लेखन सुधारणं म्हणतो. मी याला मुद्रितशोधनाची बेगार म्हणतो, आणि ती आपण बारा वर्षांच्या मुलांकडून करून घेतो.

शुद्धलेखनाशी माझं वैर नाही. 1962 साली शासनानं मान्य केलेले नियम मुलांना यायलाच हवेत. पण शेवटी. गोष्ट उभी राहण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसणं म्हणजे भिंती नसलेल्या घराला रंग काढणं.

सातवीतलं मूल लिहितं, ‘आम्ही जत्रेला गेलो. पाळण्यात बसलो. भेळ खाल्ली. खूप मजा आली.’ चूक एकही नाही, म्हणून दहापैकी सात गुण. मूल यातून शिकलं काय? मजा आली असं लिहिलं की भागतं, एवढंच. त्याला जवळ बसवा आणि विचारा, ‘पाळणा वर गेला तेव्हा तू कशाला धरलं होतंस?’ मग कळतं की धाकटी बहीण रडत होती, त्यानं हातानं तिचे डोळे झाकले होते आणि तिच्याहून जास्त घाबरला होता तो स्वतः. गोष्ट इथं आहे! आता त्याला सांगायचं: भेळ खोड, पाळण्यापासून सुरू कर, ‘घाबरलो’ हा शब्द न वापरता तुझी भीती मला दिसू दे. बहीण जे बोलली ते घरी बोलते तसंच लिही. (संवादातली अहिराणी किंवा मालवणी खोडून तिथं पुस्तकी वाक्य बसवणाऱ्यांचा मला संताप येतो.) दुसरा खर्डा त्याला मोठ्यानं वाचायला लावायचा. जिथं जीभ अडखळेल ते वाक्य मोडायचं. वेलांटी तिसऱ्या खर्ड्यात.

वरून प्रत्येक कथेला तात्पर्य चिकटवण्याची सक्ती. पाळण्यातल्या त्या पोराला ‘संकटात धीर सोडू नये’ असं लिहायला लावलं की त्याची गोष्ट तिथंच मेली.

‘पट मोठा, वेळ नाही,’ हे उत्तर मला पाठ आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं या वर्गांना 35 मुलांमागे एक शिक्षक आणि वर्षाला 1000 तास अध्यापन ठरवून दिलं आहे. पट त्याहून मोठा असेल तर शासनाला जाब विचारा. पण वर्षभर वह्या भरून घ्यायला याच शाळांना वेळ कुठून मिळतो? निम्मे निबंध रद्द करा, उरलेले पुन्हा लिहून घ्या. मुलांना जोडीनं एकमेकांच्या गोष्टी ऐकू द्या. ऐकणाऱ्यानं दोनच गोष्टी सांगायच्या: कुठं कळलं नाही आणि कुठं आणखी ऐकावंसं वाटलं. मुलांशी त्यांच्या खर्ड्यांवर बोला, असं अमेरिकेत डोनाल्ड ग्रेव्ह्ज यांनी 1983 मध्येच पुस्तक लिहून सांगितलं. आपण अजून सह्या मोजतो आहोत.

पालकांनो, पुढच्या पालकसभेत अक्षराची चौकशी करू नका. माझ्या मुलानं यंदा कुठली गोष्ट दुसऱ्यांदा लिहिली, ते विचारा. आणि दोन्ही खर्डे दाखवा म्हणा.