सकाळची तक्रार, दुपारचे निदान

जानेवारीत पुण्यातल्या गॅरेजांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते: "सकाळी सेल्फ मारला की गाडी थरथरते, मग दोन-तीन मिनिटांत आपोआप शांत होते." ग्राहक हे सांगतो तेव्हा बहुधा दुपार झालेली असते. सिंहगड रोडचा ट्रॅफिक पार करून आलेले इंजिन नव्वद अंशांवर असते आणि बॉनेट उघडल्यावर तक्रारीचा मागमूस नसतो. मग आपण प्लग बदलतो, थ्रॉटल बॉडी साफ करतो, माउंटिंग हलवून बघतो आणि "थंडीमुळे होतं, साहेब" म्हणून किल्ली परत देतो. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानदारांचे यात भले होते; गाडीचे होतेच असे नाही.

थंडीमुळे होते, हे उत्तर पटण्यासारखे नाही. शिवाजीनगरचा नीचांक १.७ अंश, तोही १७ जानेवारी १९३५चा. अशीच इंजिने युरोपात उणे वीस अंशांत सुरू होतात. पुण्याची थंडी बिघाड करत नाही, असलेला उघडा पाडते.

थोडी थरथर रचनेतलीच आहे, हे मान्य. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ईसीयू कूलंटचे तापमान वाचून जादा इंधन सोडतो आणि आयडल वाढवतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ठिणगीही मुद्दाम उशिरा देतो. तीन सिलिंडरच्या इंजिनाचा तोल मुळातच चारइतका नसतो, त्यात रात्रभर गारठलेले माउंटिंगचे रबर कडक. पण ही थरथर एकसारखी असते. मध्येच गचका बसत असेल, तर ते मिसिंग आहे आणि त्याला कारण असते.

त्या पहिल्या मिनिटाचे वैशिष्ट्य असे की ऑक्सिजन सेन्सर अजून तापलेला नसतो. इंजिन गरम असताना तो मिश्रणातली चूक सावरून घेतो. थंड असताना ईसीयू टेम्परेचर सेन्सरच्या भरवशावर चालतो. सेन्सर खोटे तापमान सांगत असेल, कडक झालेल्या व्हॅक्यूम होजमधून हवा शिरत असेल, तर ते इथेच कळते. ई-२० पेट्रोलबद्दलच्या तक्रारीही इथेच तपासायच्या. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि जुन्या गाडीत मिश्रण थोडे हलके पडते. तरीही धडधाकट गाडी एवढ्याने मिसिंग करत नाही. सगळे खापर पंपावर फोडले की कॉइल तपासायची राहून जाते.

सर्वांत महागात पडते ती हेड गॅस्केटची बारीक गळती. रात्रभर थेंब थेंब कूलंट सिलिंडरमध्ये उतरते, सकाळी तेवढा एक सिलिंडर काही क्षण पेटत नाही, मागून पांढरा धूर येतो आणि मग सगळे सुरळीत. दुपारी ही गाडी निर्दोष दिसते. डिझेलमध्ये एखादा हीटर प्लग गेला तरी असेच होते. तो मल्टिमीटरवर दोन मिनिटांत कळतो. सीएनजी गाड्यांचा प्रश्न वेगळा. टाटांच्या काही गाड्या थेट गॅसवर सुरू होतात, पण बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. टाकीतले पेट्रोल महिनोन् महिने तेच राहते आणि इंजेक्टर चिकटतात. गॅसवर जाताच त्याच क्षणी थरथर थांबली, तर पेट्रोलची बाजू बघा. हळूहळू कमी झाली तर नाही.

हे सगळे थंड इंजिनावरच दिसते. गाडी रात्रभर ठेवून घ्यावी आणि सकाळी स्कॅनर लावून मगच सेल्फ मारावा. पेठांतल्या बोळात गाडी ठेवायला जागा कुठली, हा प्रश्न खरा आहे. तिथे सकाळी ग्राहकाच्या पार्किंगमध्ये जावे आणि त्याची फी घ्यावी. तपासणीचे पैसे मागायला आपल्याला संकोच वाटतो आणि तोच खर्च आपण नको असलेल्या पार्टच्या बिलात वसूल करतो, हे काही बरे नव्हे. जायच्या आदल्या रात्री ग्राहकाला आठवणीने बजावा, गाडी चालू करू नका. नाहीतर "मिस्त्री येताहेत, जरा गरम करून ठेवतो" म्हणून त्याने गाडी आधीच चालू केलेली असते.