सिनेटरच्या ऑफिसात ओळख लागत नाही

अमेरिकेतल्या मराठी मित्रमंडळींत कुणाचं ग्रीन कार्ड अडकलं, कुणाचा पासपोर्ट वेळेत आला नाही, की चर्चा ठरलेली. वकील बदला, थांबा, पुन्हा ऑनलाइन स्टेटस बघा. सिनेटरच्या ऑफिसला विचारा असं कुणी सुचवलं, तर उत्तर येतं, "आपली कुठे एवढी ओळख?" आमदाराची चिठ्ठी आणि साहेबांचा फोन बघत आपण मोठे झालो, त्यामुळे हे वाटणं साहजिक आहे. पण इथे ओळख लागत नाही. लावून उपयोगही नाही.

प्रत्येक राज्याचे दोन, असे एकूण १०० सिनेटर. वॉशिंग्टनखेरीज राज्यातही त्यांची ऑफिसं असतात आणि तिथे याच कामासाठी पगारी माणसं बसलेली असतात. इमिग्रेशन, पासपोर्ट, आयआरएसचा रिफंड, सोशल सिक्युरिटी असं केंद्र सरकारच्या कुठल्याही खात्यात काम अडलं, तर ती तुमच्या वतीने चौकशी करतात. पैसे लागत नाहीत. कुणी एजंट मागत असेल तर देऊ नका. "मी एच-वन-बीवर आहे, मला मतच नाही," असं म्हणून गप्प बसू नका. त्या राज्यात राहत असलात की विचारायला हरकत नाही.

आता कागद. सिनेटरच्या वेबसाइटवर मदतीचा फॉर्म असतो आणि त्यासोबत संमतिपत्र. १९७४च्या प्रायव्हसी कायद्यामुळे तुमच्या लेखी परवानगीशिवाय सरकारी खातं तुमची माहिती सिनेटरच्या ऑफिसलाही देत नाही. आपल्या घरांत सगळे फॉर्म एकच माणूस भरतो, बहुधा नवरा. वर्क परमिटचा अर्ज बायकोचा आणि संमतिपत्रावर सही नवऱ्याची, असं झालं की गाडी तिथेच थांबते. ज्याचा अर्ज, त्याचीच सही. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका कागदावर आणि दुसऱ्यावर नाही, असं नको. इमिग्रेशनचा रिसीट नंबर तीन अक्षरं आणि दहा आकडे असा असतो, तो पुन्हा ताडून बघा. सोबत अर्ध्या पानाची हकिगत: अर्ज कधी केला, शेवटचं उत्तर कधी आलं, उशिरामुळे नेमकं काय अडलंय. नोकरी जाणार असेल किंवा गावी वडील अत्यवस्थ असतील, तर तसं स्पष्ट लिहा आणि पुरावा जोडा. "मी इतकी वर्षं टॅक्स भरतोय" हे वाक्य गाळा. सगळेच भरतात.

आणि एकाच ऑफिसकडे जा. दोन्ही सिनेटर आणि काँग्रेसमन अशा तिघांना एकदम लिहिलं, तर एकच चौकशी तीनदा जाते आणि गोंधळ वाढतो.

ही माणसं चौकशी करतात, निकाल फिरवत नाहीत. १९८७मध्ये चार्ल्स कीटिंग नावाच्या बँकवाल्या देणगीदारासाठी पाच सिनेटर सरकारी अधिकाऱ्यांना भेटले. ते प्रकरण पुढे इतकं अंगाशी आलं, की १९९२मध्ये सिनेटने अशा मध्यस्थीची मर्यादा नियमात लिहून ठेवली. तेव्हा आईचा व्हिजिटर व्हिसा मुंबईत नाकारला गेला, तर सिनेटरचं ऑफिस फार तर विचारणा करेल. तो मंजूर करून आणणार नाही. ओसीआय कार्ड तर भारत सरकारचं, त्याच्याशी सिनेटरचा संबंधच नाही. आणि ड्रायव्हिंग लायसन्स किंवा बेरोजगार भत्त्याचं अडलं असेल, तर तुमच्या राज्याच्या विधिमंडळातला सिनेटर वेगळा. न्यू जर्सीत असे ४० जण आहेत. आधी खातं कुणाचं ते बघा, मग दार निवडा.

ग्रीन कार्डची रांग मात्र कुठल्याच चौकशीने हलत नाही, कारण ती कायद्यातच आहे: कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही. हा नोकरीच्या ग्रीन कार्डांवरचा टक्का काढण्याचं बिल २०१९मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं. डिसेंबर २०२०मध्ये सिनेटनेही पास केलं, पण वेगळ्या मसुद्यात. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि त्या काँग्रेसची मुदत संपल्यावर बिल बारगळलं. म्हणून सिनेटरच्या ई-मेलमध्ये "मी अमुक बिल मांडलं" असं वाचून हुरळून जाऊ नका. दोन वर्षांत दहा हजारांवर बिलं मांडली जातात, कायदा होतात त्यांतली काहीशे. काँग्रेस डॉट गव्हवर बिलाचा नंबर टाका. समितीकडे पाठवल्यानंतर पुढे काहीच नोंद नसेल, तर ते तिथेच पडून आहे असं समजा, आणि का पडून आहे हे विचारा.

ते विचारायला फोन करायचा. कॅपिटलचा स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१, तो तुमच्या सिनेटरकडे जोडून देतो. पलीकडे बऱ्याचदा कॉलेजातली इंटर्न असते. तिच्याशी वाद घालू नका, भाषणही नको. नाव, झिप कोड, बिलाचा नंबर, आणि ते तुम्हाला हवंय की नको, एवढं सांगा. ती लिहून घेते. ऑफिस बंद झाल्यावर व्हॉइसमेल लागतो, तोही चालतो. झिप कोड तेवढा विसरू नका. तुम्ही त्यांच्या राज्यातले आहात की नाही, हे ते त्यावरूनच बघतात.